रोगाचे नाव, सेवेचे काम
(सुवर्णमहोत्सवानिमित्त बेल्हे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा क्षण, तसा आत्मपरीक्षणाचाही. पन्नास वर्षांत समाजाची घरे बदलली, दुकाने बदलली, तशी आजारपणेही बदलली. पूर्वी घरात ज्येष्ठ माणूस अंथरुणाला खिळला की वैद्य घरी येत आणि आठ-पंधरा दिवसांत एक ना एक निकाल लागे. आज शहरातील रुग्णालय माणसाला मृत्यूच्या दारातून परत आणते आणि चार-आठ दिवसांनी घरी पाठवते. खरी सेवा त्यानंतर सुरू होते आणि ती वर्षानुवर्षे चालते. या सेवेतील एका दुर्लक्षित गोष्टीचा विचार येथे मांडावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे रोगाचे नाव, आणि त्या नावाला जगाने दिलेला संकेतांक, ज्याला व्यवहारात ‘कोड’ म्हणतात. विषय प्रामुख्याने हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्ताभिसरण यांच्या आजारांचा आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे

बेल्ह्यासारख्या गावातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांना पुण्याच्या रुग्णालयातून घरी आणले आहे. उजवा हात उचलत नाही, शब्द अडखळतात. भिंतीवरच्या खुंटीला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली आहे, तिच्यात गोळ्या. फाइल मात्र पुण्यातच, मुलाच्या घरी राहिली आहे. रात्री दोन वाजता आजोबा न्हाणीघरात पडतात, डोक्याला मार लागतो. गावातील डॉक्टर धावत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘‘यांना नेमके काय झाले होते?’’ घरातून उत्तर येते, ‘‘मेंदूचा अटॅक आला होता.’’

हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. मेंदूचा झटका मुख्यतः दोन प्रकारांचा असतो. रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा भाग कोरडा पडतो, हा एक. रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, हा दुसरा. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. उपचार मात्र जवळजवळ विरुद्ध. पहिल्यात रक्त गोठू न देणारी औषधे पुन्हा झटका येऊ नये म्हणून दिली जातात. दुसऱ्यात तीच औषधे घातक ठरू शकतात. शिवाय, पडलेला रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर डोक्याचा साधा मारसुद्धा साधा राहत नाही. डॉक्टरांना त्या रात्री जे हवे होते, ते फाइलच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहिलेले होते. ती ओळ घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हती.

हे घर काल्पनिक आहे. पण असे घर ओळखीचे नाही, असा श्रोता या सभेत विरळाच असेल.

नाव देण्याची विद्या

वर्गीकरण ही गोष्ट जैन समाजाला परकी नाही. ज्ञानावरणीय ते अंतराय अशी आठ मूळ कर्मे आणि त्यांच्या १४८ उत्तर प्रकृती पाठशाळेतील मुलेसुद्धा शिकतात. ‘पापाचा उदय’ एवढेच म्हणून कर्मग्रंथ थांबत नाही. कोणते कर्म, कोणती प्रकृती, किती स्थिती, असा तो बारकाईने विचार करतो. कारण कारण ओळखल्याशिवाय क्षयाचा उपाय सापडत नाही. वैद्यकशास्त्रातील वर्गीकरणाची प्रेरणा याहून फार वेगळी नाही.

व्यापारी बांधवांना याची दुसरी ओळख आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बिलांवर एचएसएन क्रमांक आला. ‘कापड’ असे मोघम लिहून चालेना. सुती कापड ५२ व्या प्रकरणात, रेशमी ५० व्या. त्यातही ८५ टक्क्यांहून कमी नसलेला कापूस आणि चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत वजन असेल तर ५२०८, वजन त्याहून जास्त असेल तर ५२०९. बेल्ह्याच्या दुकानातील तागा आणि परदेशी बंदरातील गाठ एकाच क्रमांकाने ओळखली जाते. रोगांच्या नावांचेही तसेच आहे.

या विद्येचा उगम एका कापडाच्या व्यवसायातील माणसापाशी पोचतो, हे अनेकांना ठाऊक नसेल. लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाचा गृहस्थ होता. वडिलांप्रमाणेच कापडचोपड आणि शिवणसाहित्याचा व्यापार करणारा, कापड व्यापाऱ्यांच्या संघाचा सदस्य. तो काही वैद्य नव्हता. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. लोक त्या वाचून प्लेगचा अंदाज घेत आणि फेकून देत. ग्राँटने अनेक वर्षांच्या याद्या जमवल्या, दुकानाच्या वह्या तपासाव्यात तशा तपासल्या, बेरजा-वजाबाक्या केल्या आणि १६६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कोणत्या कारणाने किती माणसे मरतात, मुले किती, मोठी किती, यांचा असा हिशेब त्याआधी कोणी मांडला नव्हता. त्याच्या लक्षात एक अडचणही आली. मृत्यूचे कारण सांगणाऱ्या वयस्कर स्त्रिया प्रेत पाहून जे सुचेल ते सांगत. नोंद सैल असेल तर बेरीज कितीही अचूक केली तरी हिशेब चुकतो. व्यापाऱ्याच्या नजरेलाच दिसावी अशी ही त्रुटी होती.

पुढे फ्रान्समधील जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची एक सामाईक यादी मांडली, १९०० मध्ये पॅरिसला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी तिची पहिली सुधारणा केली, आणि १९४८ पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. तेव्हापासून या यादीत केवळ मृत्यूची कारणे न राहता आजारही आले. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. तीच ‘आयसीडी-१०’ या नावाने परिचित आहे. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि भारतातील विम्याच्या अर्जावर आणि बहुतेक रुग्णालयांच्या कागदांवर परिचयाचा झालेला संकेत दहाव्या आवृत्तीचाच आहे.

‘आय’ अक्षराचे घर

या दहाव्या आवृत्तीत २२ प्रकरणे आहेत. नववे प्रकरण रक्ताभिसरणाच्या आजारांचे. इंग्रजी ‘आय’ हे अक्षर आणि पुढे ०० ते ९९ असे अंक. या घरात कोण कोण राहते ते पाहण्यासारखे आहे.

आरंभीच आय-०० ते आय-०९ येथे संधिवाताच्या तापाने होणारे हृदयाचे आजार आहेत. लहानपणी घसा दुखतो, सांधे सुजतात, ताप येऊन जातो. काही वर्षांनी हृदयाची झडप खराब झाल्याचे कळते. आय-१० म्हणजे कारण न सापडणारा, सर्वांना परिचित असा उच्च रक्तदाब. आय-२१ म्हणजे हृदयविकाराचा ताजा झटका. आय-४८ म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणे. त्यातूनच अनेकदा मेंदूकडे गुठळी जाते. आय-५० म्हणजे हृदयाची शक्ती कमी पडणे, पायाला सूज, रात्री आडवे झाले की धाप. आय-६१ म्हणजे मेंदूतील रक्तस्राव आणि आय-६३ म्हणजे गुठळीने आलेला झटका. मघाच्या काल्पनिक घरातील अवघा प्रश्न या दोन अंकांतील फरकाचा होता. आणि ज्याचा तपास झालेला नाही, रक्तस्राव की गुठळी हे ठाऊक नाही, अशा झटक्यासाठी आय-६४ आहे. एका अर्थाने तो अज्ञानाचा प्रामाणिक कोड आहे.

पुढे आय-८० मध्ये पायाच्या शिरेत गुठळी होणे येते. दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्यांची पोटरी एकाएकी सुजली तर त्याची शंका घ्यावी लागते. आय-८३ म्हणजे पायाच्या शिरा फुगणे. दिवसभर गादीसमोर उभे राहून गिऱ्हाइकाला माल दाखवणाऱ्यांच्या घोट्यापाशी जी जखम महिनोन्महिने भरत नाही, तिचे मूळ अनेकदा येथे असते. आय-९५ मध्ये रक्तदाब उतरणे, त्यातच उठून उभे राहताना चक्कर येणे.

घरी आल्यावर नाव बदलते

येथे एक मर्माची गोष्ट आहे. रुग्णालयातील नाव आणि घरातील नाव एकच राहत नाही.

हृदयविकाराचा झटका आला, तो पहिले चार आठवडे ‘ताजा’ मानला जातो; आय-२१. त्यानंतर त्याच माणसाच्या कागदावर आय-२५.२, म्हणजे जुना, बरा झालेला झटका, असे लिहिले जाते. मेंदूचा झटका रुग्णालयात आय-६३ असतो. परंतु पुढे घरी राहिलेला हाताचा लुळेपणा, अडखळती वाणी, गिळताना लागणारा ठसका, हे झटक्याचे मागे राहिलेले परिणाम असून त्यांचे घर आय-६९ आहे. हा फरक केवळ लिपिकाचा नाही. ‘झटका आला आहे’ याचा अर्थ धावपळ, रुग्णवाहिका, तासांची लढाई. ‘झटक्याचे परिणाम उरले आहेत’ याचा अर्थ व्यायाम, वाणीचा सराव, घास मऊ करून भरवणे, दर दोन तासांनी कुशी बदलणे. नाव बदलले की सेवेचे रूप बदलते. जे घर वर्षानंतरही ‘अटॅक आला आहे’ असेच म्हणत राहते, ते बहुधा व्यायाम करवून घेत नाही. आणि ज्या घराला ‘आता नुसते परिणाम आहेत’ असे वाटते, ते नव्याने तोंड वाकडे झाले तरी सकाळपर्यंत थांबते. दोन्ही चुका महाग पडतात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. बेल्ह्याहून पुणे दोन तासांहून अधिक अंतरावर. त्यामुळे ‘माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला’ ही वेळ लिहून ठेवणे हीच पहिली सेवा होय. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, तो क्रमांक घरातील लहान मुलांनाही पाठ असावा.

दुसरी मर्माची गोष्ट म्हणजे आजार एकेकटे राहत नाहीत. रक्तदाबामुळे हृदय थकले तर आय-१० आणि आय-५० असे दोन सुटे अंक न लिहिता आय-११.० हा एकत्र अंक लिहिला जातो. रक्तदाबाने मूत्रपिंड बिघडले तर आय-१२, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही तर आय-१३. संकेतांक जणू सांगतो की हे सख्खे भाऊ आहेत, यांचा हिशेब वेगळा मांडू नका. घरात मात्र रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून सोडली जाते आणि धापेच्या गोळीचा आग्रह धरला जातो.

तिसरी गोष्ट ‘झेड’ अक्षराच्या संकेतांकांची. हे आजार नव्हेत, परिस्थिती होत. झडप बदललेली आहे, बायपास झालेली आहे, स्टेंट बसवलेली आहे, रक्त पातळ करणारे औषध दीर्घकाळ चालू आहे, यांसाठी स्वतंत्र अंक आहेत. आणि येथेच जैन घरांशी निगडित असा एक मुद्दा उपस्थित होतो, ज्याकडे फारसे लक्ष जात नाही.

वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधे जीवनसत्त्व ‘के’च्या विरुद्ध काम करतात. हे जीवनसत्त्व हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. औषधाची मात्रा रुग्णाच्या नेहमीच्या आहारावर बेतलेली असते. चातुर्मासात किंवा पर्युषणात हिरवी भाजी एकदम बंद झाली, तर तीच गोळी अधिक जोराने काम करू लागते आणि हिरडीतून, लघवीतून रक्त जाण्याचा धोका वाढतो. पुढे भाजी एकदम भरपूर सुरू झाली की उलटे घडते, गुठळीचा धोका वाढतो. याचा अर्थ व्रत सोडावे असा नाही. पालेभाज्यांचा त्याग करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्यावी, एवढाच अर्थ आहे. तसेच ज्यांचे हृदय दुर्बल आहे त्यांना मीठ मर्यादेत हवे. हिरव्या भाजीच्या जागी पापड, लोणचे, वड्या आल्या की पायाची सूज आठवड्यात वाढते. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ, आणि उपवास करणाऱ्यांनी रक्तदाबाच्या व पाणी काढण्याच्या गोळ्या, डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात. पच्चक्खाणातही समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. पूर्वाचार्यांनी शरीराची मर्यादा ओळखली होती. गुरुमहाराज आणि डॉक्टर या दोघांनाही खरे सांगणारा श्रावक संकटात सापडत नाही.

सातासमुद्रापलीकडील घरपोच सेवा

घरच्या रुग्णसेवेत संकेतांकाला सर्वाधिक महत्त्व अमेरिकेत आले. तेथे ज्येष्ठांसाठी १९६५ मध्ये ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना स्थापन झाली. परिचारिका, व्यायामोपचारक घरी जाऊन सेवा देतात आणि त्याचे पैसे योजनेतून मिळतात. १ जानेवारी २०२० पासून तेथे नवी पद्धत लागू झाली. सेवेचा हिशेब तीस-तीस दिवसांच्या कालखंडात होतो आणि मुख्य रोगाचा संकेतांक पाहून रुग्ण बारा गटांपैकी एका गटात घातला जातो. कोड मोघम असेल, उदाहरणार्थ केवळ ‘अशक्तपणा’, तर तो मुख्य रोग म्हणून स्वीकारला जात नाही. परिणामी डॉक्टरांनाच विचारावे लागते की हा अशक्तपणा कशामुळे? हृदयामुळे, मेंदूच्या झटक्यामुळे, की आणखी कशामुळे?

या पद्धतीत दोषही आहेत. पैसा अंकावर अवलंबून असला की अंक फुगवण्याचा मोह होतो. परंतु एक चांगला नियम तेथे आहे. संकेतांक लिहिणाऱ्याने स्वतः तर्क करायचा नाही. डॉक्टरांनी जे लिहिले त्यालाच अंक द्यायचा, आणि शंका असल्यास विचारायचे. मुनीम जसा व्हाउचरशिवाय नावे-जमा लिहीत नाही, तसेच हे.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आपली सविस्तर दहावी आवृत्ती लागू केली आणि या कामाचा मोठा भाग भारतातील कंपन्यांकडे येत गेला. पुण्या-मुंबईत जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली अनेक मुले-मुली आज ‘मेडिकल कोडर’ म्हणून नोकरी करतात. समाजातील तरुणांनी या क्षेत्राकडे व्यवसाय म्हणून अवश्य पाहावे. मात्र एक विसंगतीही ध्यानी घ्यावी. नात दिवसभर संगणकावर एखाद्या अमेरिकन आजोबांच्या झटक्याला आय-६९ चा अचूक अंक लावते, आणि गावातील स्वतःच्या आजोबांचा रोग तिला ‘मेंदूचा अटॅक’ एवढाच ठाऊक असतो.

आपल्याकडील कागद आणि सत्य अणुव्रत

भारतात घरपोच रुग्णसेवेची अशी सार्वत्रिक विमा-व्यवस्था नाही. महाराष्ट्र शासनाची योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि २०२३ च्या शासननिर्णयाने कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचे ठरले. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. पण तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. खासगी विम्यात रुग्णालयातून आल्यानंतरचा काही दिवसांचा खर्च बहुधा मिळतो. रुग्णाला हलवणे अशक्य असल्यास घरीच केलेल्या उपचारांचा खर्चही काही पॉलिसींत मिळतो. या साऱ्यासाठी रुग्णालयाने भरायच्या अर्जात मुख्य रोग, इतर रोग आणि सोबतचे आजार यांच्यासमोर आयसीडी-१० चे रकाने असतात. सुटीचा कागद एक बोलतो आणि अर्जातील अंक दुसरेच बोलतो, असे झाले की दावा अडकतो. सही करण्यापूर्वी ते रकाने पाहण्याची सवय व्यापारी घरांत तरी असावी. इतर बिले आपण तपासतोच.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. कधी कधी घरातूनच डॉक्टरांना विनंती केली जाते, ‘‘जुना रक्तदाब लिहू नका, दावा पास होणार नाही.’’ सत्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा एक अतिचार सांगितला आहे. विम्याचा अर्ज त्याला अपवाद नाही. व्यवहारदृष्ट्याही हे आतबट्ट्याचे आहे. कारण लपवलेला रक्तदाब कागदावरून जातो, रुग्णाच्या शरीरातून जात नाही, आणि पुढचा डॉक्टर त्या कोऱ्या कागदावर विश्वास ठेवून औषध देतो. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. सत्य सांगून तीन वर्षे थांबणे हे असत्य सांगून आयुष्यभर धास्तावण्यापेक्षा सोपे आहे.

लपवण्याचा दुसरा प्रसंग विवाहाचा. मुलीच्या हृदयाची झडप लहानपणी खराब झाली होती, हे सासरी कळू नये म्हणून कागद फाडले जातात, तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शनही बंद होते. पुढे गरोदरपणी हृदयावर भार येतो तेव्हा तिच्या डॉक्टरांपुढे कोणताच इतिहास नसतो. अब्रू राखण्यासाठी फाडलेला कागद जीव धोक्यात घालतो. त्याचबरोबर दुसरी बाजूही आहे. कोणाचा आजार कळला तर तो चौकात बोलू नये. दुसऱ्याचे गुपित फोडणे हाही त्याच अणुव्रताचा अतिचार आहे. लेख खरा असावा आणि तो योग्य हातांतच असावा, या दोन्ही गोष्टी एकाच व्रतात येतात.

शेवटची नोंद

घरी मृत्यू झाला की श्रद्धांजलीच्या फलकावर एकच वाक्य येते, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’. ग्रामपंचायतीच्या नोंदीतही पुष्कळदा ‘वार्धक्य’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच असते. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. ते मरणाचे कारण नव्हे, मरणाचे वर्णन आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यानुसार २१ दिवसांत नोंद करावयाची असते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ आहे. अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो विनामूल्य द्यावयाचा असतो. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली, ही जबाबदारी अधिक स्पष्ट झाली. या नमुन्यात कारणांची साखळी असते. प्रत्यक्ष मृत्यू कशाने, ते कशामुळे, आणि त्याच्याही मुळाशी काय. समजा, गुठळीने झटका, तो अनियमित ठोक्यांमुळे, ठोके झडपेच्या जुन्या आजारामुळे. साखळीचे शेवटचे टोक सापडले म्हणजे मृत्यूचे मूळ कारण सापडले.

मृतात्म्याला याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग मागे राहिलेल्यांना आहे. वडील आणि काका दोघेही पन्नाशीत हृदयविकाराने गेले, अशी खरी नोंद असेल तर मुलगा चाळिशीतच तपासणी करील. ‘अचानक गेले’ एवढेच ठाऊक असेल तर तोही अचानकच जाण्याची वाट पाहील.

पुणे जिल्ह्यातच याचे एक अनुकरणीय उदाहरण आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेने उभे राहिले. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे २००२ पासून आसपासच्या २२ गावांतील घराघरांची नियमित पाहणी होऊ लागली. घरी मृत्यू झाला असेल तर प्रशिक्षित कार्यकर्ता काही काळाने त्या घरी जातो, सहानुभूतीने बसतो आणि विचारतो. छातीत दुखले का, किती वेळ, धाप होती का, एक बाजू लुळी पडली होती का, पूर्वी कोणती गोळी चालू होती. ती उत्तरे वाचून डॉक्टर कारण ठरवतात आणि आयसीडी-१० चा अंक देतात. देशपातळीवरही २००१ पासून अशा पद्धतीने मोठे काम झाले. ज्यांच्या मरणावर एरवी ‘म्हातारपण’ असा शिक्का बसला असता, त्यांची खरी कारणे अशा चौकशीतून पुढे आली. त्या घरांतील ज्या सुनेने किंवा मुलीने नीट आठवून सांगितले, तिने शास्त्राला केवढे दान दिले, याची तिलाही कल्पना नसेल.

वैयावृत्त्याचे नवे अंग

जैन परंपरेत वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे. प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान आणि व्युत्सर्ग यांच्या पंक्तीला बसणारे. ग्लानाची, म्हणजे आजाऱ्याची, सेवा हे त्याचे प्रत्यक्ष रूप. औषधदानाचे महत्त्व समाज जाणतोच. पाय चेपणे, घास भरवणे, कुशी बदलणे ही सेवा आहेच. आजच्या काळात रुग्णाची नोंद नीट ठेवणे हेही तिचेच एक अंग मानले पाहिजे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक घरात रुग्णामागे एक वही असावी. पहिल्या पानावर डॉक्टरांकडून विचारून रोगाचे पूर्ण नाव आणि जमल्यास संकेतांक लिहावा. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हृदयाची झडप, स्टेंट, बायपास यांपैकी काय झाले आहे आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे. दुसऱ्या पानावर चालू गोळ्या, मात्रा आणि वेळा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती लाल शाईने. तिसऱ्या पानापासून रोजचा रक्तदाब, नाडी आणि, हृदय दुर्बल असल्यास, सकाळचे वजन. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले तर ते अन्नाचे नसून साठलेल्या पाण्याचे असण्याचा संभव मोठा. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. सुटीच्या कागदाची एक प्रत गावच्या घरी असावी, केवळ शहरातील मुलाच्या कपाटात नव्हे.

ट्रस्टनेही सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा उपक्रम हाती घ्यावा, अशी नम्र सूचना आहे. सोप्या मराठीत छापलेली अशी वही समाजातील, आणि केवळ समाजातीलच नव्हे तर गावातील, दीर्घ आजारी माणसाच्या घरी पोचवावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आणि गावातील डॉक्टरांनी तिचा मसुदा तपासून द्यावा. कोडिंगचे काम करणाऱ्या समाजाच्या मुला-मुलींनी सुटीत गावी आल्यावर एक सकाळ द्यावी. ज्यांच्या घरी फाइल आहे पण वाचणारा नाही, त्यांना ती फाइल समजावून सांगावी. निदान त्यांनी करायचे नाही, ते डॉक्टरांचे काम; लिहिलेले आहे ते वाचून वहीत नीट उतरवायचे, एवढेच. सोमवारच्या आठवडे बाजाराला आसपासच्या गावांतील माणसे बेल्ह्यात येतात. त्या दिवशी रक्तदाब मोजून वहीत लिहून देण्याची सोय झाली, तर औषधदानाला त्याहून योग्य मुहूर्त कोणता?

मघाच्या घराकडे पुन्हा एकदा वळावे. रात्रीचे दोन वाजले आहेत. आजोबा पडले आहेत, डॉक्टर दारात आहेत. पण या वेळी सून फळीवरची वही काढून पहिले पान उघडते. पूर्ण नाव आहे, तारीख आहे, लाल शाईतील गोळी आहे. डॉक्टर एक दृष्टिक्षेप टाकतात आणि काय करावयाचे ते त्यांना समजते. आजोबा वाचतील की नाही हे आयुष्यकर्माच्या अधीन. परंतु अज्ञानामुळे काही राहून गेले, हा सल त्या घराच्या मनात राहणार नाही. रोगाला खरे नाव देणे एवढ्यासाठी हवे.

 प्रतिपादनात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.